भाव कोणाचा आणि जीव कोणाचा?

देव भावाचा भुकेला आहे, हा आम्हां वारकऱ्यांचा मुख्य सिद्धांत. आम्ही कीर्तनकार मंडळी तर तो दिवसाआड सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. पण सिद्धांत म्हटला की त्याची परीक्षा व्हावयास पाहिजे. कसाला लावल्यावाचून सराफ सोने घेत नाही. भाव शुद्ध असला म्हणजे कृत्य शुद्ध झालेच काय? भावाच्या पोटी दुसऱ्या जीवाचा घात झाला, तरी तो भाव देवाला पावतो काय? हा प्रश्न घरातल्या घरात सोडवू गेले तर माणूस आपलीच बाजू घेतो. म्हणून आज जरा दूर जाऊ. मिसर देशात, ज्याला आपण हल्ली इजिप्त म्हणतो, नील नदीच्या काठच्या वाळवंटात या प्रश्नाचा दाखला जमिनीखाली कोठारे भरून पडलेला आहे.

ममी म्हणजे मसाला घालून राखलेले प्रेत, हे पुष्कळांस ठाऊक आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी आणविलेली एक ममी बडोद्याच्या संग्रहालयात आहे, ती काहींनी पाहिलीही असेल. पण ती माणसाची. मिसरी लोकांनी माणसांहून कितीतरी अधिक संख्येने पशुपक्ष्यांच्या ममी केल्या. मांजरे, कुत्री, बैल, माकडे, ससाणे, सुसरी, साप, इतकेच काय, चिचुंद्री आणि शेणकिडासुद्धा! आपल्या शराटी पक्ष्याचा एक भाऊबंद तिकडे नीलेच्या काठी असे. लांब वाकडी चोच, पांढरे अंग, काळे डोके. त्याच्या तर लक्षावधी ममी आहेत. इंग्लंडातील मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१५ साली सर्व जातींची मिळून संख्या सात कोटींपर्यंत गेली असावी असा अंदाज सांगितला.

हे ऐकून कोणी हसेल तर त्याने जपून हसावे. आपल्या देवांना वाहने आहेत, आपण नागाला दूध दाखवतो, पोळ्याला बैलाचे पाय धुतो. परक्याने पाहिले तर त्यालाही हसू येईल. मिसरी माणूस सरसकट जनावराला देव समजत होता, असेही नाही. देवाची शक्ती एखाद्या देहात येऊन राहते, तो देह देवाचे बिऱ्हाड होय, अशी त्याची समजूत होती. मेम्फिस नगरात प्ताह देवाचा एक बैल असे, त्याचे नाव आपिस. एका वेळी एकच. अंग काळे, कपाळावर पांढरी खूण, आणखीही काही लक्षणे जुळली म्हणजे वासरू निवडीत. त्याच्या आईचाही मोठा मान, तिलाही पुढे निराळे थडगे. तो बैल जन्मभर मंदिरात सुखाने राही आणि मेला म्हणजे सत्तर दिवस त्याचा संस्कार चाले. सक्कारा येथे या बैलांची भुयारे आहेत. ऑगस्ट मारिएत नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८५१ साली ती उघडली. आत एकेका बैलासाठी कोरलेल्या दगडी पेट्या आहेत, आणि त्यांपैकी काहींचे वजन ६० टनांहून अधिक आहे. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर हिशेबच नको.

यात मला वावगे काही दिसत नाही. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा रथाच्या बैलजोडीला केवढा मान असतो, हे मी वारकऱ्यांना काय सांगू? आणि रेड्याची समाधी तर आपल्या घरचीच गोष्ट आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्याच्या मुखातून माउलींनी वेद वदविले, त्या रेड्याने जुन्नर तालुक्यात आळे येथे देह ठेवला अशी परंपरा आहे, आणि आजही लोक तेथे माथा टेकतात. तेव्हा जनावराला समाधी कशाला, असा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

मिसरी लोकांची प्राण्यांवर मायाही होती, आणि ती दिखाऊ नव्हती. थुतमोस नावाच्या एका राजपुत्राने आपल्या लाडक्या मांजरीसाठी दगडाची पेटी कोरवून घेतली आणि मृत राजांना लावतात तशी पवित्र उपाधी तिच्या नावामागे लावली. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटस हा ग्रीक प्रवासी तेथे गेला. तो लिहितो की घरचे मांजर मेले तर घरातील सारी माणसे भुवया काढून टाकतात आणि कुत्रे मेले तर सर्वांग भादरतात. पवित्र प्राण्याला जाणूनबुजून मारणाऱ्यास देहांत शासन असे. डायोडोरस नावाचा दुसरा ग्रीक लेखक इ.स.पू. ६० च्या सुमारास तेथे होता. त्याच्या डोळ्यांदेखत एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले. रोमची सत्ता तेव्हा केवढी! खुद्द राजा घाबरला, अधिकारी विनवणीला धावले, पण जमावाने त्या माणसाला सोडले नाही.

आता दुसरी बाजू पाहा.

इ.स.पू. सातव्या शतकापासून पुढे रोमन काळापर्यंत तेथे एक प्रथा फार वाढली. यात्रेकरू देवस्थानी यावा, त्या देवाच्या जातीच्या प्राण्याची बांधून तयार केलेली ममी द्रव्य देऊन घ्यावी आणि ती देवाला अर्पण करावी. बास्तेत देवीला मांजर, थोथ देवाला तो वाकड्या चोचीचा पक्षी, अनुबिसाला कुत्रा, सोबेकाला सुसर. अर्पण झालेल्या ममी पुजारी साठवीत आणि पुढे भुयारात नेऊन रचीत. तो प्राणी देवाकडे आपला निरोप नेतो, अशी श्रद्धा होती. देवाला लिहिलेले अर्जही सापडले आहेत. कोणाला आजार, कोणावर अन्याय. माणसाची गाऱ्हाणी कोठेही गेले तरी तीच.

बुबास्तिस येथील बास्तेतच्या यात्रेचे हिरोडोटसने केलेले वर्णन वाचले म्हणजे आपल्याला ओळखीचेच वाटते. स्त्रिया आणि पुरुष नावांत बसून निघतात, कोणी पावा वाजवितो, कोणी टिपऱ्यांसारखे वाद्य वाजविते, बाकीचे टाळ्या वाजवीत गातात. मुले सोडून सात लाख माणूस जमतो असे तेथील लोकांनी त्याला सांगितले. (मद्यही भरपूर चाले. तेवढे आपल्याकडे नाही, आणि नसावे.) या यात्रेकरूंचा भाव खोटा होता असे म्हणण्याची माझी छाती नाही. पाच-सहा दिवसांचा प्रवास करून आलेली एखादी बाई आजारी लेकरासाठी मांजराची ममी देवीच्या दारी ठेवते, डोळ्यांत पाणी आणते. तो भाव आणि पंढरीच्या वाळवंटातील भाव यांत भेद कसा करणार?

पण त्या कापडात काय होते, ते आता क्ष-किरणांनी दिसू लागले आहे. लंडनच्या संग्रहालयातील मांजरांच्या ममींचा एक अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मांजरे वर्षाच्याही आतली निघाली, आणि कित्येकांची मान मोडलेली होती. सक्कारा येथे अनुबिसाच्या भुयारात सुमारे ऐंशी लाख प्राणी, बहुतेक कुत्री, असावीत असे कार्डिफच्या संशोधकांचे अनुमान आहे. त्यांत कितीतरी पिले जन्मल्यापासून काही तासांची किंवा फार तर काही दिवसांची आहेत. डोळे न उघडलेली. वेल्समध्ये स्वॉन्सी येथील विद्यापीठाकडे असलेला एक लहान नाग २०२० साली तपासला गेला. त्याच्या मूत्रपिंडात खडे साचले होते, म्हणजे बहुधा तो पाण्यावाचून ठेवलेला असावा. पुढे त्याला शेपटीला धरून आपटून मारलेले दिसते. हा देवाला वाहिलेला नाग, बरं का.

म्हणजे ज्या देशात चुकून मांजर मारणाऱ्या माणसाचा जीव घेतला गेला, त्याच देशात मंदिरांच्या आश्रयाने मांजराची पिले मान मुरगाळून मारली जात होती. हे दोन्ही एकाच धर्मात कसे बसले?

येथे पूर्वपक्ष असा. देवासाठी केलेला वध हा वध नव्हेच. तो प्राणी मरून ओसिरिस होतो, देवरूप होतो, त्याला सद्गती मिळते. शिवाय संस्कारात कसूर नव्हती. २००४ साली रसायनशास्त्रज्ञांनी काही पशूंच्या ममींचा मसाला तपासला, तेव्हा मेण, राळ, तेल, चरबी अशी माणसांच्या ममीसारखीच मौल्यवान द्रव्ये निघाली. मग दोष कुठला?

ज्यांनी पाठशाळेत चार अक्षरे घोकली आहेत त्यांना हा युक्तिवाद नवा नाही. आमच्या मीमांसकांनी हेच म्हटले आहे की वेदाने सांगितलेली हिंसा ही हिंसा नव्हे, आणि आचार्यांनीही ब्रह्मसूत्रावरील भाष्यात शास्त्राचीच बाजू घेतली आहे. परंतु सांख्यांनी हे मान्य केले नाही. यज्ञाने स्वर्ग मिळत असेल, पण त्यात अशुद्धी मिसळलेली आहे, असे ते म्हणतात. वाचस्पतिमिश्रांनी यावर पुष्कळ ऊहापोह केला आहे. पुण्य होते खरे, आणि त्याच कर्मात थोडे पापही होते, एकाने दुसरे पुसले जात नाही. आचार्यांच्या चरणी मस्तक ठेवून सांगतो, या एका ठिकाणी माझे मन सांख्यांकडे झुकते.

आणि गंमत पाहा, मिसरी धर्माला स्वतःलाही ही टोचणी होती. त्यांच्या मृतांच्या ग्रंथात एक मोठे प्रकरण आहे. मेलेला माणूस परलोकातील न्यायसभेत उभा राहतो आणि मी काय काय पाप केले नाही ते एकेक करून सांगतो. गुराढोरांना छळले नाही आणि देवाच्या राखणीतले पक्षी जाळ्यात धरले नाहीत, हेही त्यात आहे. म्हणजे मुक्या जिवाचा छळ हे पाप, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असून कोटी कोटी जीव गेले.

मला वाटते याचे कारण त्या कापडात आहे. जवसाच्या धाग्याचे तलम कापड, त्याची दोन रंगांची सुबक विणावट, वर कान टवकारलेला मांजराचा रंगविलेला मुखवटा. यात्रेकरूने पाहिले ते एवढेच. प्राणी धरणारा वेगळा, मारणारा वेगळा, खारात सुकविणारा वेगळा, गुंडाळणारा वेगळा, विकणारा वेगळा आणि अर्पण करणारा वेगळा. पाप इतक्या हातांत वाटले गेले की कोणाच्याच हाताला लागले नाही. बाईचा भाव निर्मळ राहिला, कारण तिने मान पाहिली नाही. पण न पाहिल्यामुळे राहिलेली निर्मळता ही निर्मळता म्हणावी काय? मी तिला अडाणीपण म्हणेन, दुष्टपण म्हणणार नाही. पुजाऱ्याला मात्र ही सवलत नाही. त्याने पाहिले होते.

त्या पुजाऱ्यांतही एक चांगला माणूस होऊन गेला. त्याचे नाव होर. इ.स.पू. दुसऱ्या शतकात तो सक्कारा येथे थोथच्या पक्ष्यांच्या सेवेत होता. वॉल्टर एमरी नावाचा इंग्रज संशोधक १९६० नंतरच्या दशकात तेथे इमहोतेप या प्राचीन पुरुषाची समाधी शोधीत होता. समाधी सापडली नाही, पक्ष्यांची भुयारे सापडली, आणि त्यांबरोबर होरने खापरांवर लिहून ठेवलेले टिपणही. साठ हजार पक्ष्यांच्या अन्नाची काळजी तो वाहतो. व्यवस्थेत लबाडी चालते म्हणून तक्रार करतो. दोषी सेवकांना पकडले गेले, आणि एका मडक्यात एकच देव असावा असा नियम ठरला. एक मडके, एक पक्षी. म्हणजे रिकामी मडकी किंवा अर्धेमुर्धे पक्षी खपवून भाविकांना फसवू नये.

होरविषयी मला आदर वाटतो. देवस्थानातील भ्रष्टाचाराविरुद्ध आतल्याने बोलणे किती अवघड असते, हे ज्यांनी देवस्थाने पाहिली आहेत त्यांस ठाऊक आहे. पण त्याचा नियम जरा उलटून पाहा. त्याने मडके तपासले, आत पक्षी आहे की नाही ते पाहिले. तो पक्षी आपल्या मरणाने मेला की कसा, हा प्रश्न त्या नियमात नाही. काही पक्षी खरोखर आपल्या मरणाने गेले असतील. पण एका यात्रेकरूमागे एक पक्षी असा हिशेब पक्का झाला, म्हणजे पक्षी मरायची वाट पाहायला कोणाला वेळ असणार? ते पक्षी मंदिरात पैदास केलेले होते की रानातून धरून आणलेले, याचाही शोध झाला आहे. २०१९ साली त्यांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्य तपासले तेव्हा ते रानच्या पक्ष्यांइतकेच विविध निघाले, म्हणजे बरेचसे नदीकाठावरून आणून थोडा काळ ठेवले असावेत.

आता होरला ज्याची चीड होती ती लबाडीच घ्या. मँचेस्टरच्या मंडळींनी आठशेहून अधिक ममी यंत्राखाली घातल्या. एक तृतीयांशात पुरा प्राणी निघाला, एक तृतीयांशात थोडीफार हाडे, आणि उरलेल्या एक तृतीयांशात प्राण्याचे हाडही नव्हते. चिखल, काटक्या, बोरू, पिसे, अंड्यांची टरफले. आपण म्हणू, पुजाऱ्यांनी टोपी घातली. संशोधक मात्र सावधपणे सांगतात की तसेच असेल असे नाही. देवाच्या प्राण्याच्या सहवासातले पीस किंवा माती हीदेखील पवित्रच, एवढ्यावर अर्पण पुरे होत असेल.

हे वाचले आणि मला एकदम पिष्टपशू आठवला. यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू करावा, असे मध्वाचार्यांनी प्रतिपादले. महाभारतातील नारायणीय आख्यानही असेच आहे. यज्ञात अज द्यावा असे शास्त्र. देव म्हणाले अज म्हणजे बोकड, ऋषी म्हणाले अज म्हणजे बीज, धान्य. निवाडा उपरिचर वसूकडे आला. त्याने स्वतः पूर्वी पशुवधावाचून यज्ञ केला होता, खरे काय ते त्याला ठाऊक होते. पण देवांची भीड पडली आणि तो बोकड म्हणाला. तत्क्षणी आकाशातून खाली पृथ्वीच्या पोटात गेला. नारायणाने पुढे त्याचा उद्धार केला ही नारायणाची कृपा, पण पडला तो भिडेमुळे पडला.

तेव्हा त्या चिखल भरलेल्या ममीला मी काय म्हणू? पुजाऱ्याने लोभाने केली असेल तर ती चोरी आहे, आणि चोरीचे समर्थन या लेखणीतून होणार नाही. पण त्या बाईच्या बाजूने पाहिले तर? तिचे दान खोटे निघाले खरे, पण त्यापायी कोणाचा जीव गेला नाही. खऱ्या दानात मान मोडलेली आणि खोट्या दानात चिखल. देवीने दोहोंपैकी कोणते आनंदाने घेतले असेल? भाव तर दोन्हीकडे सारखाच. मग प्राण्याच्या मरणाने त्या भावात अधिक काय पडले? मला शोधूनही सापडत नाही.

त्या अर्पणाचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. बेनी हसन या गावाजवळ १८८८ साली मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा सापडला. त्यातल्या सुमारे एक लाख ऐंशी हजार, एकोणीस टन वजनाच्या, १८९० साली लिव्हरपूल बंदरात खत म्हणून लिलावाला आल्या. लिलाव पुकारणाऱ्याने हातोड्याऐवजी एका मांजराचे डोके आपटले. इतक्या जणांच्या नवसांचा माल शेवटी इंग्रजाच्या शेतात गेला.

आपल्या संतांनी भावाचा अर्थ काय केला, ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. नाथमहाराज काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत गाढव तहानेने तडफडत होते. गंगा रामेश्वराला घालायची हा संकल्प, त्यासाठी शेकडो कोस पायपीट. नाथांनी ती गाढवाच्या मुखात घातली आणि तेथेच रामेश्वर पावला म्हणाले. इकडे हे, आणि तिकडे देवाला वाहायचा नाग पाण्यावाचून! नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळविली, तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. मिसरी यात्रेकरूला प्राणी हा देवाकडे जाण्याची वाट होता. नाथांना आणि नामदेवांना तो वाट नव्हता. देवच भुकेला, तहानेला होऊन वाटेत आला होता. म्हणून त्यांची नजर आधी त्या गाढवाकडे, त्या कुत्र्याकडे गेली. ज्या भावाने समोरचा जीव पाहिलाच नाही, त्याला भाव म्हणताना माझी जीभ आता अडते.

कोणी म्हणेल, महाराज, आपण माळकरी, आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या गळ्यात माळ असते, पण भाऊबंदांच्या घरी देवीच्या नावाने बोकड सोडलेला असतो, आणि जत्रेच्या पंगतीला आपण नुसते ताटावरून उठून बाजूला बसतो. तुकोबारायांनी या बळीचा धिक्कार केला, गाडगेबाबा जत्रेजत्रेतून हात जोडून हेच सांगत फिरले. तरी गावोगावी मला विचारतात, नवस बोललो आहे, आता देवीचा कोप होईल, यातून सुटका कशी? शास्त्र विचाराल तर पिष्टपशू आहे, नारळ आहे, कोहळा आहे. पण तसे सांगण्याआधी मी त्यांना विचारतो की तो बोकड तुम्ही पाहिलाय का? कसा आहे? मग ते सांगू लागतात. पांढऱ्या पायांचा आहे, अंगणातच असतो, पोरांच्या हातची भाकरी खातो. पुष्कळदा पोरांनी त्याला नावही ठेवलेले असते.